संत्र्याच्या सात साली

मृग बहाराची संत्री बाजारात आली की मी रस्ता बदलतो. नागपूरच्या माणसाला हे सोपं नाही. फाल्गुनात इथे घरातून कुठेही जायला निघा, वाटेत संत्र्यांचा एक तरी ढीग आडवा येतोच. चौकात हातगाडी, पुलाखाली टेम्पो, देवळाच्या पायरीशी टोपली घेऊन बसलेली बाई. वासाला तर दार-खिडकी काही लागत नाही. एकोणीस वर्षं मी हा वास चुकवत आलो. डॉक्टरांनी मना केलंय, असं सांगत आलो. नातीने एकदा विचारलं, "आबा, संत्र्यानं काय होते?" मी म्हटलं, "पित्त." खोटं बोलायची सवय लागली की ती लहान मुलांनाही सोडत नाही.

आता मी एकोणऐंशी वर्षांचा आहे. गुडघे बदलून झाले, चष्मे बदलून झाले. रस्ते बदलून काही होत नाही, हे एव्हाना कळायला हरकत नव्हती. यंदा मी रस्ता बदलणार नाही.

निमित्त आमच्या मंडळाच्या स्मरणिकेचं. महिन्यातून एका रविवारी पायी भटकायला जाणाऱ्या लोकांचं आमचं मंडळ. त्याला पंचवीस वर्षं झाली. सचिव शैलेश घरी आला, चहा घेतला आणि म्हणाला, "काका, कच्छच्या घळीबद्दल दोन पानं पाह्यजेत. तुम्हीच नेते होते. गुलाबकाकांबद्दल चांगलं लिहा. फक्त ते वादाचं नको." मी लिहिलं. त्याने वाचलं आणि चार दिवसांनी कागद परत आणून दिले. "काका, काहून जुनं उकरून राहिले? कोनाचं भलं होनार आहे?" माझा मुलगाही हेच म्हणाला, जरा सभ्य भाषेत. म्हणाला, "बाबा, आता या वयात कशाला?" मला त्या दोघांना एवढंच सांगायचं आहे की खोटं मी साठाव्या वर्षी बोललो होतो. तेव्हा वय आड आलं नाही. आता खरं बोलताना का यावं?

ती घळ अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. वरून पाहिलं तर काही दिसत नाही. सपाट माळ, बाभळीची खुरटी झाडं, थोर, उंटांच्या पायांनी पडलेल्या वाटा. आणि मग जमीन एकदम दुभंगते. आत उतरलं की दोन्ही बाजूंना दगडाच्या भिंती. रंग काय सांगू? गेरू, हळद, वीट, मधेच एखादा जांभळट पट्टा. पाण्याने आणि वाऱ्याने दगड इतका गुळगुळीत घासलेला की कुठे कुठे तो घडी घालून ठेवलेल्या लुगड्यासारखा वाटतो. पायाखाली बारीक लाल वाळू. सकाळी आठ वाजता ती पायाला गार लागत होती. वर निळ्या आभाळाची एक चिंधी. आम्ही नऊ जण आत उतरलो आणि पाच मिनिटं कोणी बोललं नाही. नागपूरची नऊ माणसं पाच मिनिटं गप्प, यावरून त्या जागेची कल्पना करावी.

त्या नऊ जणांतल्या दोघांची ओळख करून द्यायला हवी. एक गुलाब. शाळेपासूनचा माझा मित्र, मंडळाचा अध्यक्ष. इतवारीत त्याचं भांड्यांचं दुकान. वजनदार माणूस, चालताना धापा टाकायचा, पण दर वेळी यायचा. मंडळाच्या प्रत्येक सभासदाला त्याने स्टीलचा पेला दिला होता, नाव कोरून. आमच्याकडे भांड्यावर नाव घातल्याशिवाय ते भांडं कोणाचं झालं असं वाटत नाही. मंडळाच्या जेवणाच्या थाळ्याही तशाच जमलेल्या. प्रत्येकाने एक थाळी द्यायची, काठावर आपलं किंवा आपल्या माणसाचं नाव कोरून. जेवताना आम्ही एकमेकांच्या आई-वडिलांची नावं वाचत जेवायचो.

दुसरी प्रमिलाताई. सरकारी दवाखान्यात परिचारिका. तेव्हा बेचाळीसची असेल. माहेर कुहीकडचं, धानाची शेती. मंडळात येऊन तिला जेमतेम सहा महिने झाले होते. कमी बोलायची, बरोबरीने चालायची.

आणि मी. कालव्यांचे नकाशे काढण्यात माझी नोकरी गेली. नकाशा ही माझी मिजास होती. कोणी वाटेत माणसाला रस्ता विचारला तर मला राग यायचा.

आता चुका. लोक त्यांच्या चुका शेवटी सांगतात, मी आधीच सांगतो.

पहिली चूक संत्र्यांची. माणशी चार बाटल्या पाणी घ्यायचं ठरलं होतं. मी म्हटलं, दोन पुरे, बाकी संत्री घेऊ. मृग बहार ऐन भरात होता, दोन पोती नागपूरहून गाडीत घालून नेली होती. गुलाबने लगेच री ओढली, "आमच्या मनोहरचं गनित आहे न बाप्पा! संत्र्यात पानीच असते, वरतून चव फुकट." संत्र्यात पाणी असतं हे खरं. पण दुपारी एक वाजता तापलेल्या दगडात उभ्या असलेल्या माणसाला ते पुरत नाही, हेही खरं.

दुसरी चूक उन्हाची. याबद्दल जरा बोलू द्या, कारण ही चूक फक्त आम्हीच करू शकतो. नागपूरकर ऊन हे आपल्या मालकीचं समजतो. पारा सेहेचाळीसच्या वर गेला की आम्ही वरवर हाय हाय करतो आणि मनातून खूश होतो. पुण्याच्या पाहुण्याला फोन करून सांगतो. खिशात कांदा ठेवायचा, डोक्याला दुपट्टा बांधायचा, बाहेर पडायचं, आणि वर इतरांना हसायचं. आमच्या या शौर्यामागे वाळ्याचा कूलर, कैरीचं पन्हं आणि रस्तोरस्ती भरलेले माठ असतात, हे आम्ही विसरतो.

घळीच्या तोंडाशी गाडीवाल्याने एका म्हाताऱ्याची ओळख करून दिली. जुसबभाई. उंट राखणारा, अंगाने काटकुळा, डोळे आत गेलेले. तो म्हणाला, "साब, अभी उतरो. ग्यारा बजे वापस ऊपर. बारा के बाद ये पत्थर तवा हो जाता है."

गुलाब म्हणाला, "चाचा, हम नागपूर के हैं. हमारे यहां मई में कौवा भी छाता लेके निकलता है."

सगळे हसले. जुसबभाईही हसला, पण त्याने आभाळाकडे पाहिलं. तो बरोबर यायला तयार होता. मी हातातला नकाशा दाखवला आणि म्हटलं, जरूर नहीं. तो आपल्या उंटांकडे वळला.

घळीची एक गोष्ट आहे. ती मी कागदावर शंभर वेळा काढली असेन, पण पायांना कधी कळली नव्हती. वरच्या अंगाने आत उतरलात की बाजूच्या लहान घळी येऊन तुमच्याच घळीला मिळत जातात. उतरताना त्यांच्याकडे लक्ष जात नाही. आपण सरळच चाललो आहोत असं वाटतं. परत येताना मात्र त्याच घळी समोर तोंड उघडून उभ्या असतात. प्रत्येक ठिकाणी दोन वाटा. दोन्ही सारख्या लाल, दोन्ही सारख्या रुंद. उतरताना एकच वाट असते, चढताना सात.

हे प्रमिलाताईच्या लक्षात आलं होतं. लहानपणी ती आईबरोबर जंगलात मोह वेचायला जायची. तिथे बायका वाट फुटेल तिथे फांदी मोडून ठेवतात, परतताना कामी येते. इथे फांदी नव्हती. मग ती संत्र्याची साल ठेवत गेली. साल सोलायची तिची रीत मला आठवते. देठाकडून नखाने चीर देऊन अख्खी साल एका तुकड्यात, पाकळ्या उघडल्यासारखी. घळ येऊन मिळाली की तिथल्या दगडावर ती साल ठेवायची, पांढरी बाजू वर. लाल दगडावर ती पांढरी फुली लांबून दिसायची.

तिसऱ्या ठिकाणी गुलाबने पाहिलं. "काय करून राहिल्या सिस्टर?"

"परत येतानी वाट सापडाले ठेवून राहिली, भाऊ."

गुलाब मोठ्याने म्हणाला, "नकाशा मनोहरचा, पण भरोसा प्रमिलाताईचा!"

पुन्हा सगळे हसले. मीही हसलो. माझे कान तापले होते.

नेत्याने सगळ्यांत शेवटी चालायचं, हा मंडळाचा नियम मीच केला होता, कोणी मागे राहू नये म्हणून. मी शेवटी होतो. माझ्या मागे कोणी नव्हतं. मी मागे वळून आधीच्या दोन साली उचलून आणल्या, तिसरी उचलली आणि पाठीवरच्या पिशवीत टाकली. पुढे जिथे जिथे तिने साल ठेवली तिथे तिथे मी ती उचलली. एकूण सात.

इथे बरेच जण लिहितात, का कोण जाणे, माझ्या हातून झालं खरं. मी तसं लिहिणार नाही. का ते मला चांगलं माहीत होतं. वाटेत कचरा करायचा नाही हाही आमचा नियम होता आणि कोणी पाहिलं असतं तर मी तोच सांगितला असता. पण मी कचरा उचलत नव्हतो. माझ्या नकाशावर हसणारी सात तोंडं मी उचलत होतो. एक दवाखान्यातली बाई, कालची आलेली, साली ठेवून मला वाट दाखवणार? एवढंच होतं. एवढंसंच होतं. माणसाच्या हातून मोठी पापं मोठ्या कारणांनी होतात असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

घळीच्या शेवटी पाण्याचा एक डोह आहे, हिरवट, थंडगार, पण पिण्याजोगा नाही. तिथे आम्ही पोळ्या, मिरचीचा ठेचा, संत्री खाल्ली. गाणी झाली. अकरा वाजले, मी घड्याळ पाहिलं आणि घड्याळाचा हात खिशात घातला. साडेबाराला उठलो.

तोवर भिंतींना हात लावता येत नव्हता. सावली भिंतीच्या बुडाशी वीतभर उरली होती. वारा नाही. नागपूरच्या उन्हात कुठून तरी कडुनिंबाचं एखादं झाड भेटतं. इथे ऊन वरून येत होतं, दोन्ही भिंतींतून येत होतं, वाळूतून येत होतं. थोड्या वेळाने गुलाब बसला. म्हणाला, गरगरून राहिलं. प्रमिलाताईने त्याची नाडी पाहिली, त्याला सावलीच्या पट्टीत सरकवलं आणि मला म्हणाली, "साहेब, बाकीच्याईले घेऊन तुम्ही व्हा पुढं. भाऊले मी आनते हळूहळू. वळनावर साली आहेतच."

तेव्हा माझ्या पाठीवर सात साली होत्या.

मी म्हटलं, "या."

मी शेवटी चालायला हवं होतं. नियम माझाच होता. पण गुलाबच्या चालीने चाललो असतो तर वर पोचायला अडीच-तीन वाजले असते आणि जुसबभाई आमचं तोंड पाहायला उभा असता. बाकीच्यांना घेऊन झपझप वर गेलो तर नागपूरची लाज राहिली असती. उतरताना मी मागे राहिलो ते साली उचलायला आणि चढताना पुढे गेलो ते एका उंटवाल्याला खोटं पाडायला. नकाशा हातात असताना वाट सोपी वाटते. तो त्या दोघांच्या हातात नव्हता.

वर आम्ही दीड तास वाट पाहिली. मी म्हणत होतो, येतील. जुसबभाईने एकदा माझ्याकडे पाहिलं, पाण्याची मशक खांद्याला लावली आणि खाली उतरला. चार वाजता त्याची हाक आली. ती दोघं एका आंधळ्या घळीत होती, जिला पुढे वाट नाही. गुलाबचं डोकं प्रमिलाताईच्या मांडीवर. तिची ओढणी संत्र्याच्या रसाने भिजवून त्याच्या कपाळावर टाकलेली. तिचं स्वतःचं पाणी तिने केव्हाच त्याला पाजून संपवलं होतं. तिचे ओठ फुटले होते. गुलाब गाडीत वाटेतच गेला. त्याच्या खिशात त्याच्या बायकोने, कमलावहिनींनी ठेवलेला कांदा होता. तो मी नागपूरला त्यांच्या हातात दिला, कपड्यांबरोबर.

साली जागेवर असत्या तर गुलाब वाचला असता का? कदाचित नसता. मला सांत्वन म्हणून हे बऱ्याच रात्री मीच सांगितलं आहे. पण हा प्रश्नच चुकीचा आहे. प्रश्न असा आहे की त्याला आंधळ्या घळीत कोणी नेलं. मंडळाच्या वहीत याचं उत्तर आहे. ते माझ्या अक्षरात आहे.

परत आल्यावर आठ दिवसांनी सभा झाली. प्रमिलाताई उठून म्हणाली, "मी साली ठेवल्या होत्या. सात ठिकानी. परत येतानी एकही नव्हती." कोणीतरी माझ्याकडे वळून विचारलं, "साहेब, तुम्ही सगळ्यांत मागे होते. तुम्हाले दिसल्या?"

मी म्हटलं, "नाही."

ती स्वतःशीच म्हणाली, "मंग बकऱ्याईनं खाल्ल्या असतीन." आणि खाली बसली. हे मी कधी विसरलो नाही. मी तिला खोटं पाडलं आणि तिने माझ्यासाठी कारण शोधून दिलं.

वहीत मी लिहिलं, ‘श्रीमती प्रमिला यांनी परिचारिका असूनही नेत्याशी सल्लामसलत न करता अध्यक्षांना चुकीच्या घळीत नेले.’ सही केली. सभेनंतर चपला घालताना कोणीतरी म्हणालं, "आपल्यातली नव्हती न ते." या शब्दाचा अर्थ काय, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. तिच्या घरातल्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, आमच्या घरांत नव्हती, एवढा त्याचा अर्थ. मी तो शब्द वापरला नाही. मला वापरायची गरजच पडली नाही. तो आयता माझ्या मदतीला आला आणि मी येऊ दिला.

तेराव्याला ती गुलाबच्या दारात आली होती. कमलावहिनींनी तिला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. "माह्या मानसाले तुमी भलत्याच वाटेनं नेलं वं. आता कायले आल्या?" मी आत पाटावर बसलो होतो. पानात वडे होते. मी जेवलो.

आणि त्या साली? प्रवासाची पिशवी बायकोने रिकामी केली तेव्हा त्या सापडल्या. तिने विचारलं, "काहो, हे काहून आनलं?" मी म्हटलं, "कचरा करायचा नाही म्हणून." ती साधी बाई, तिला कौतुक वाटलं. आमच्याकडे संत्र्याची साल कोणी फेकत नाही. तिने त्या गच्चीवर वाळवल्या, दळून उटण्यात घातल्या. त्या दिवाळीला पहाटे तिने माझ्या पाठीला ते उटणं लावलं. वास आला. मी ओरडलो, पाणी लवकर घाल. तिला वाटलं, थंडी वाजते.

तेव्हापासून मी रस्ता बदलतो.

प्रमिलाताई नंदनवनात राहते. माझ्या घरापासून चालत दहा मिनिटं. एकोणीस वर्षांत मी तिच्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. शैलेशने कागद परत आणून दिले, त्याच दिवशी संध्याकाळी गेलो. तिने दार उघडलं. केस पांढरे झाले होते, पाठ ताठ होती. "साहेब?" म्हणाली आणि बाजूला झाली. पाणी आणलं. स्टीलच्या पेल्यात, गुलाबने दिलेल्या. त्यावर तिचं नाव होतं. मंडळाने तिला काढलं होतं, पेला तिने ठेवला होता.

मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं.

"बकऱ्या नव्हत्या तं," ती म्हणाली.

"नाही."

"एकोनीस वर्स मी बकऱ्याईले शिव्या देऊन राहिली, साहेब. आन् सोताले. कुहीकडची पोरगी मी. बकरी संत्र्याची साल सोडत नाही, हे मले समजू नये? कितीदा वाटलं, त्यावर दगड काहून नाही ठेवला मी. तुमी उचलल्या काहून?"

"गुलाब हसला म्हणून."

"भाऊ तं साऱ्याईलेच हसत. मले म्हनत, सिस्टर, तुमची सुई पाहूनच बिमारी पळून जाते." ती हसली नाही, पण आवाज किंचित हलला. मी माफीचं काहीतरी बोलायला लागलो तर तिने हात वर केला. "माफी राहू द्या घरी. माह्या कानात सांगून काय फायदा? साली मी ठेवल्या हे मले तं माहीतच आहे. ज्याईले माहीत नाही त्याईले सांगा. कमलावहिनीले सांगा. तेराव्याले मले दारातून परत पाठवलं त्याईनं. तुमी आतच होते. तुमच्या चपला दिसल्या होत्या मले."

मी निघालो तर मागून म्हणाली, "आन् हे पाहा, वळन मी चुकली. ते माहं आहे. ते तुमच्या अंगावर घेऊन मोठेपना करू नका. साली तेवढ्या तुमच्या."

म्हणून इथे नीट लिहितो. वळण तिचं चुकलं. साली माझ्या. न्याय करताना ती माझ्यापेक्षा जास्त काटेकोर निघाली.

स्मरणिका शैलेशच्या ताब्यात आहे, वही मंडळाच्या कपाटात कुलपात. म्हातारा दोन ओळी खाली लिहील म्हणून किल्लीही लपवली आहे असं ऐकतो. पण पंचविसाव्या वर्षाचं वनभोजन आहे, रोडगे आणि वांग्याची भाजी आहे, आणि ज्यांनी अजून थाळी दिली नसेल त्यांनी ती द्यावी असं पत्रक शैलेशनेच काढलं आहे. माझी थाळी द्यायची राहिली होती. काठावर काय कोरायचं याचा काही नियम मंडळात नाही. तो करायला मीच विसरलो होतो.

परवा इतवारीत गेलो. ऐन संत्र्यांच्या दिवसांत, भर दुपारी, हातगाड्यांमधून. एका गाडीवाल्याने फोड पुढे केली, "घ्या काकाजी, साखर आहे." मी घेतली. आंबट होती. बरं वाटलं.

गुलाबच्या दुकानात गल्ल्यावर कमलावहिनी बसल्या होत्या. वय पंचाहत्तरच्या पुढे, नजर अजून तीच. दुकानाच्या दाराशी बाबूलाल बसतो, भांड्यांवर नावं कोरणारा, त्याची विजेची सुई घेऊन. मी थाळी निवडली, मजकुराचा कागद त्याला दिला.

"काकाजी, स्मरनार्थ टाकू का सप्रेम भेट?"

"कागदावर आहे तेच."

बाबूलाल ओठ हलवत वाचू लागला. मधेच त्याचे ओठ थांबले. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग कागद गल्ल्याकडे सरकवला. "काकू, हे तुमी पाहून घ्या बरं."

कागदावर होतं, ‘घळीतल्या वळणांवरच्या संत्र्याच्या साली मी उचलल्या. त्या कशासाठी आहेत हे मला माहीत होतं. वहीत मी प्रमिलाताईंबद्दल खोटं लिहिलं. मनोहर.’

वहिनींनी दोनदा वाचलं. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. बाहेर एक टेम्पो मागे येताना हॉर्न वाजवत होता.

"हे खरं आहे, भाऊजी?"

"हो."

"त्याईनं पानी मांगतलं होतं का शेवटी?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. मी म्हटलं, "मला माहीत नाही, वहिनी. मी पुढे निघून गेलो होतो. ते प्रमिलाताईला माहीत आहे."

हे तोंडातून निघालं तेव्हा मला माझ्या अपराधाची खरी लांबी दिसली. साली उचलल्या तो एक दिवस होता. त्यानंतर एकोणीस वर्षं या बाईला तिच्या नवऱ्याच्या शेवटच्या तासांबद्दल सांगू शकणारं जगात एकच माणूस होतं. ते दारात आलं होतं. आणि आत पाटावर बसून, तोंडात घास घेऊन, मी त्याला परत जाऊ दिलं होतं.

बाबूलालने थाळी मांडीवर घेतली आणि काठावर सुई टेकवली. नावं काठावरच घालतात. तेवढ्यात वहिनी कडाडल्या, "काठावर काहून टाकून राहिला गा? मधी टाक. मोठ्या अक्षरात. जेवून झालं का दिसलं पाह्यजे."

"हाव काकू."

सुई सुरू झाली. तो आवाज दाताच्या डॉक्टरकडे ऐकतो तसा असतो, अंगावर काटा आणणारा. वहिनींनी गल्ल्यातून एक जुनी पावती काढली, उलटी केली, पेन माझ्यापुढे धरलं. डोळे माझ्याकडे नव्हते.

"नंदनवनात कोन्या गल्लीत राह्यते ते? लिहून द्या. जातानी कुठून वळाचं, तेही लिहा."

मी लिहून दिलं. त्यांनी मला बसा म्हटलं नाही. त्यांनी म्हणावं अशी अपेक्षाही मी केली नाही. शेवटचं अक्षर होईपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.